बादलीभर गरम पाणी आणि चंद्रपूरची हवा

११ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि कोळशावर चालणारी देशातली सुमारे ७८ टक्के वीजकेंद्रे एका मोठ्या जबाबदारीतून मोकळी झाली. चिमणीतून निघणाऱ्या धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा बसवा, असे याच मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये बजावले होते. मुदत दिली होती दोन वर्षांची. मग मुदतवाढ, त्यानंतर आणखी मुदतवाढ, आणि दहाव्या वर्षी बहुतेकांना चक्क माफी. दिल्लीच्या राजधानी क्षेत्राजवळची आणि दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतली केंद्रे तेवढी बंधनात राहिली. ज्या शहरांची हवा आधीच खराब म्हणून सरकारदरबारी नोंदली गेली आहे, त्यांच्या आसपासच्या केंद्रांबाबत एकेक प्रकरण तपासून निर्णय व्हायचा आहे. चंद्रपूर हे त्या नोंदलेल्या शहरांपैकी एक.

माफीच्या बाजूने सांगितले जाते की भारतीय कोळशात गंधकाचे प्रमाण कमी असते, ही यंत्रणा महाग आहे आणि ती चालवायलाही वीज अन् चुनखडी लागते. यातले प्रत्येक विधान सुटे घेतले तर खरे आहे. पण देशातली वीजकेंद्रे वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास कोळसा जाळतात. टक्केवारी लहान असली तरी एवढ्या कोळशातून निघणारे गंधक लहान राहत नाही. शिवाय सल्फर डायऑक्साइड चिमणीतून निघाला की तिथेच थांबत नाही. हवेतल्या अमोनियाशी मिळून त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. ज्यांना ‘पीएम २.५’ म्हणतात ते हेच कण शेकडो किलोमीटर वाहत जातात, आणि फुप्फुसांत इतके खोल शिरतात की तिथून रक्तातही उतरतात.

आता चिमणीवर गाळणी बसणारच नसेल, तर त्या चिमणीखाली कमी कोळसा जाळणे एवढाच उपाय हाताशी उरतो. देशातल्या एकूण विजेपैकी जवळपास चौथा हिस्सा घराघरांत खर्च होतो. तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे ७० टक्के अजूनही कोळशाची असते. वीज वाचवा असे आजवर लोकांना सांगितले गेले ते बिलासाठी, आणि अलीकडे तापमानवाढीसाठी. पण यामागे त्याहून जवळचे एक कारण आहे आणि ते महाराष्ट्राच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

चंद्रपूर महाऔष्णिक वीजकेंद्राची आजची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. महानिर्मितीचे हे सर्वांत मोठे केंद्र. दुर्गापूर, पद्मापूर, भटाडी अशा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) खाणी शेजारीच, पाणी इरई धरणाचे, आणि पलीकडे ताडोब्याचे जंगल. १९८० च्या दशकात सुरू झालेले २१० मेगावॉटचे पहिले दोन संच आता कायमचे बंद झाले आहेत, पण त्यानंतरचे सात संच चालू आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आयआयटी दिल्लीच्या साथीने २००९ मध्ये देशभरच्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्या मागोमाग चौथा क्रमांक चंद्रपूरचा लागला, ८३.८८ गुणांनी. हा सगळा दोष एका वीजकेंद्राच्या माथी मारता येणार नाही. आसपास सिमेंटचे कारखाने आहेत, उघड्या खाणी आहेत, कोळशाने भरलेल्या ट्रकांची रांग आहे आणि खाणपट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये पहाटे पेटणाऱ्या कोळशाच्या शेगड्याही आहेत. तरीही एवढ्या मोठ्या चिमण्यांच्या सावलीत राहणे काय असते, ते तिथल्या माणसाला मोजणी यंत्राने सांगावे लागत नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवरून त्याला ते कळते.

या चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची एक वीजवाहिनी गेली आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती उभी राहिली. ५०० किलोव्होल्ट दाबाने १,५०० मेगावॉट वीज एकदिश (डीसी) प्रवाहाच्या रूपात विदर्भाच्या टोकावरून थेट मुंबईच्या दारात आणून सोडण्याची तिची ताकद आहे. कोराडी, खापरखेडा, तिरोडा ही मोठी केंद्रेही विदर्भातच. कोळसा तिकडे असल्याने वीज तिकडे तयार होते. माणसे, कारखाने आणि एसी इकडे असल्याने ती इकडे खपते. या व्यवहारात वीज तारेतून पश्चिमेला येते. धूर, राख आणि उष्णता मात्र जिथल्या तिथेच राहतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा मुसळधार पावसात फुटला आणि राखेचा चिखल आसपासच्या शेतांत, वस्त्यांत आणि नाल्यांत पसरला. ती राख ज्या विजेची होती, त्यातली किती वीज त्या गावांनी वापरली असेल?

एका युनिटमागे नेमके काय जळते, याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. कोळशावरच्या केंद्रात एक युनिट वीज तयार करायला ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. त्या कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीची उष्णता चिमणीतून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. मग तारा, रोहित्रे आणि गळती यांत आणखी काही वीज वाटेतच संपते. भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे दर युनिटमागे २०० ग्रॅमच्या वर राख. यातली बहुतेक राख चिमणीच्या आधीच यंत्रात अडवली जाते. काही सिमेंटला आणि विटांना जाते, उरलेली पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडली जाते आणि उन्हाळ्यात बंधारा सुकला की वाऱ्याबरोबर उठते. अडवली न जाणारी राख दर युनिटमागे थोडीच असते, पण युनिट अब्जावधी असतात.

हाच हिशेब आंघोळीला लावून पाहावा. वीस लिटरची एक बादली वीस अंशांनी तापवायला जवळपास अर्धे युनिट लागते. चौघांच्या घरात रोज दोन युनिट. त्यासाठी कुठल्या तरी बॉयलरमध्ये साधारण दीड किलो कोळसा जळतो आणि अर्धा किलो राख मागे उरते, तीही केवळ सकाळच्या आंघोळीची. गिझर चोवीस तास चालू ठेवण्याची सवय असेल, तर टाकीतले पाणी निवते, पुन्हा तापते, पुन्हा निवते, आणि कुणीही न वापरलेल्या उष्णतेसाठी कोळसा जळत राहतो. दिवे बंद करण्यावर मुलांना जितके रागावले जाते, त्याच्या एक दशांश लक्ष गिझरच्या लाल दिव्याकडे गेले तरी पुष्कळ होईल. नऊ वॉटचा एलईडी दिवा शंभर तासांहून अधिक काळ जळतो तेव्हा कुठे एक युनिट होते. घरातली वीज खरी जाते ती पाणी तापवण्यात, खोली गार करण्यात आणि दिवसभर फिरणाऱ्या पंख्यांत.

पाणी तापवायला सूर्य पुरेसा आहे, हे पुण्याला तरी नव्याने सांगायला नको. सौर बंबांचा प्रसार देशात ज्या शहरांत आधी झाला, त्यांत पुणे आहे. गच्चीवर सौर यंत्रणा, गांडूळखत प्रकल्प किंवा पावसाच्या पाण्याची साठवण असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के, आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत देते. शंभर लिटरचा एक सौर बंब वर्षाला १,५०० युनिटपर्यंत वीज वाचवतो, असे केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे म्हणणे आहे. दुखणे पुढे आहे. अनेक सोसायट्यांत गच्चीवरच्या नळ्या बोअरच्या जड पाण्याने क्षार बसून बुजलेल्या असतात. खालच्या मजल्यांना गरम पाणी पोचेपर्यंत दोन बादल्या थंड पाणी वाहून जाते म्हणून लोक कंटाळतात आणि प्रत्येक न्हाणीघरात गिझर बसतो. बांधकाम परवान्यासाठी बसवलेली यंत्रणा परवान्यापुरतीच उरते. वर्षातून एकदा नळ्या साफ करून घेणे आणि गरम पाण्याच्या पाइपवर उष्णतारोधक वेष्टन चढवणे, एवढ्यावर कित्येक इमारतींचे बंद पडलेले बंब पुन्हा चालू होतील. कार्यकारिणीत कुणाला त्याची गरज वाटत नाही, हीच अडचण.

पंख्याचे तर फारच सोपे आहे. घरोघरी फिरणारा साधा छताचा पंखा ७० ते ८० वॉट ओढतो. बीएलडीसी म्हणून मिळणारा पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. दिवसाला बारा तास आणि वर्षातले तीनशे दिवस धरले, तर एका पंख्यामागे १६० युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे पाचशेच्या जवळ. कोळशाच्या भाषेत हे सव्वातीनशे किलो झाले, तेही एकाच घरातून, कुणाचा वारा तसूभरही कमी न होता. पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटाने आणि त्याचे सहसंस्थापक गिरीश संत यांनी अशा पंख्यांसाठी देशव्यापी कार्यक्रम हवा, हा आग्रह खूप आधी धरला होता. संत २०१२ मध्ये गेले. केंद्राने तशी योजना आखली, पण ती एलईडी दिव्यांसारखी घरोघरी पोचली नाही. दिव्यांचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. सरकारी खरेदीत २०१४ मध्ये तीनशे रुपयांच्या वर असलेला एलईडी दिवा मोठ्या घाऊक खरेदीमुळे दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला, आणि जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. चांगला पंखा आजही साध्या पंख्याच्या जवळपास दुप्पट किमतीला मिळतो. जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर तारांकन सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट. पण दुकानात गिऱ्हाईक किंमत बघते आणि तारे नंतर मोजते. दिव्यांसाठी जे केले ते पंख्यांसाठी करायला सरकारला कुणी अडवलेले नाही.

एसीबद्दल एवढेच की २०२० पासून नवा एसी चालू केला की तो २४ अंशांवरच सुरू व्हावा, असा नियम आहे. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगते. अठरा अंशांवर एसी लावून वर रजई पांघरणाऱ्या घरांनी हा आकडा जरूर वाचावा.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दादरमध्ये कुणी एक बटण बंद केले म्हणून चंद्रपूरचा एखादा संच त्या क्षणी मंदावत नाही. मागणी घटते तेव्हा सर्वांत महाग वीज देणारे संच आधी उतरवले जातात. कोळसा लांबून रेल्वेने येणारी जुनी केंद्रे या यादीत वर असतात, खाणीला खेटून असलेली स्वस्त केंद्रे शेवटी. मग चंद्रपूरचा आणि आंघोळीच्या पाण्याचा संबंध काय? संबंध आहे तो पुढच्या दहा-वीस वर्षांचा. नवे संच बांधायचे की नाही, जुने कधी निवृत्त करायचे, हे राज्याची कमाल मागणी किती वाढेल या अंदाजावर ठरते. महाराष्ट्राची ही मागणी आता ३० हजार मेगावॉटच्या घरात आहे. कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावाला नागपुरातून कडाडून विरोध झाला, पण तो प्रस्ताव मुळात आला याच वाढत्या आकड्याचा हवाला देत. हा आकडा लाखो घरांच्या सवयींतून तयार होतो, आणि एकदा उभारलेला संच पंचवीस-तीस वर्षे धूर सोडतो.

त्यातही कोणत्या वेळी वीज वापरली, याला फार महत्त्व आले आहे. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते. सूर्य मावळला की ती शून्यावर येते आणि नेमके त्याच वेळी दिवे, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, पंप आणि एसी एकदम सुरू होतात. ही सायंकाळची पोकळी आज मुख्यतः कोळसाच भरून काढतो. म्हणून दुपारी बारा वाजता कपडे धुण्याचे यंत्र लावणे आणि रात्री आठ वाजता लावणे, यांचे युनिट सारखे असले तरी धूर सारखा नसतो. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचपर्यंतच्या वापरावर सवलत देण्याचे धोरण २०२५ मध्ये महावितरणने आणले. स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या मनात बऱ्याच शंका आहेत आणि त्यांची उत्तरे द्यावीच लागतील. वेळेनुसार दर ही कल्पना मात्र योग्य आहे.

सायंकाळचा भार स्वखुशीने उतरवण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. २००५ च्या सुमाराचे भारनियमन ज्यांनी सोसले, त्यांना ‘अक्षय प्रकाश योजना’ आठवत असेल. संध्याकाळच्या वेळी गावाने ठरवून शेतीपंप, पिठाची गिरणी आणि जास्त वीज खाणारी उपकरणे बंद ठेवायची, फक्त दिवे, पंखे, टीव्ही चालवायचे. बदल्यात त्या वेळी गावातली वीज जाणार नाही, असा तो करार होता. गावे एकामागून एक त्यात उतरली. तिथे ना कुणी अभियंता घरोघर फिरत होता, ना दंड होता. एकाने पंप चालू केला तर सगळ्यांचा उजेड जाईल, हे सगळ्यांना कळत होते. पुढच्याच वर्षी पुण्यात उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून शहराचे भारनियमन टाळण्याचा प्रयोग झाला, त्यातही ‘प्रयास’चा हात होता. फरक इतकाच की तेव्हा चुकीचा परिणाम त्याच संध्याकाळी आपल्याच घरात अंधार होऊन दिसायचा. आज तो आठशे किलोमीटरवर, दुसऱ्याच्या छातीत दिसतो.

घरातल्या ऊर्जेची गोष्ट विजेपाशी संपत नाही. पश्चिम महाराष्ट्रात किंवा मराठवाड्यात थंडीच्या दिवसांत पहाटे कुठल्याही गावात शिरले, की अंगणाअंगणातून धूर निघताना दिसतो. तो चुलीचा कमी आणि पाणी तापवण्याच्या बंबाचा जास्त असतो. तांब्याच्या बंबात मधल्या नळीत शेणकूट, पऱ्हाटी, तुराट्या, कणसांची बुरकुंडे, कधी चक्क प्लॅस्टिकची पिशवीही जाते. मे २०१६ मध्ये ‘उज्ज्वला’ योजना सुरू झाल्यावर गावोगाव सिलिंडर पोचले, पण पुन्हा भरून आणायचा खर्च पाहता गॅस राहतो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. भाकरी चुलीवर, आंघोळीचे पाणी बंबावर. या धुराचा पहिला बळी ती चूल फुंकणारी बाई असते. अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजले, तेव्हा कुठे जगाला कळले की सर्वांत घातक हवा कारखान्याच्या फाटकापाशी नाही, स्वयंपाकघरात आहे. त्यानंतरच्या संशोधनाने पुढचा दुवा जोडला. घरातला धूर बाहेर पडून गावाची, तालुक्याची हवाही बिघडवतो, आणि देशातल्या बाहेरच्या हवेतल्या सूक्ष्म कणांचा चौथ्या हिश्शाच्या आसपास वाटा घरगुती जळणाचा असतो.

इथेही उपाय परदेशातून आणायला नकोत. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळशाच्या वड्या बनवण्याचे तंत्र विकसित केले आणि त्या वड्यांवर चालणारा ‘सराई’ कुकर तयार केला. मूठभर वड्यांवर पाच माणसांचे वरण-भात-भाजी वाफेवर शिजते आणि भांड्याला काजळी लागत नाही. शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या पाचटाचा धूरही त्यात वाचतो. स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्या अन्नावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी या संस्थेला २००६ मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. ग्रामीण घरांना सौर बंब परवडेल अशा किमतीत आणि हप्त्यांवर मिळाला, तर अंगणातला तो पहाटेचा धूर बराचसा कमी होईल. सरकार गॅसच्या अनुदानावर बोलते. पाणी तापवण्याच्या जळणावर स्वतंत्रपणे क्वचितच कुणी बोलते. ते व्हायला हवे.

बचतीचा उपदेश कुणाला करायचा, यातही विवेक हवा. महिन्याला पन्नास-साठ युनिट वापरणाऱ्या घराला काटकसर शिकवण्यात अर्थ नाही. उलट, त्या घराला आणखी एका पंख्याची आणि एका फ्रिजची गरज आहे आणि ती त्याने हक्काने भागवावी. प्रश्न आहे तो तीनशे, पाचशे युनिटच्या वर जाणाऱ्या घरांचा. महावितरणचे वीजदर टप्प्याटप्प्याने चढतात ते याच विचाराने. या घरांतही भाडेकरू असला की वेगळीच गाठ पडते. पंखे आणि गिझर घरमालक बसवतो, बिल भाडेकरू भरतो. मग मालक दुकानातला सर्वांत स्वस्त माल आणतो. बिल्डरचेही तेच. नव्या घरांत ठरावीक तारांकनाखालची उपकरणे बसवता येणार नाहीत, असा साधा नियम बांधकाम नियमावलीत घातला, तर लाखो घरांची वीज पुढची वीस वर्षे आपोआप वाचेल. लोकांच्या सद्बुद्धीवर सगळा भार टाकून शासनाने बाजूला होणे बरोबर नाही. डहाणूची आठवण इथे ठेवावी. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या तिथल्या ५०० मेगावॉटच्या केंद्रात धुरातले गंधक काढणारी यंत्रणा २००७ मध्येच चालू झाली, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेले डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आणि त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी वर्षानुवर्षे त्यासाठी अडून बसले. डहाणूच्या चिकूच्या बागांसाठी जे झाले, ते चंद्रपूरच्या मुलांसाठी अजून झालेले नाही. घरांनी कोळसा कमी जाळावा आणि कंपन्यांनी चिमण्या साफ ठेवाव्यात, या दोन्ही मागण्या एकाच तोंडाने करायला हव्यात.

शासनाच्या बाजूने झालेल्या चांगल्या गोष्टीही आहेत. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घराच्या छतावर दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३० हजार रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून अधिक यंत्रणेला एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे शंभरेक घरांचे गाव २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. डोंगराळ भागातल्या एका वाडीला जमले ते बंगल्यांच्या कॉलन्यांना जमायला हरकत नाही. आधी बचत आणि मग सौर, हा क्रम मात्र सोडू नये. पंखे आणि गिझर बदललेल्या घराला दोन किलोवॉट पुरतात, न बदललेल्याला तीनही कमी पडतात.

महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असे सगळे तपशील असतात आणि मागच्या महिन्यांचा वापरही दिलेला असतो. त्याच कागदावर आणखी एक ओळ छापावी: या महिन्यात तुमच्या घरासाठी अंदाजे इतके किलो कोळसा जळला. महावितरणला हे काही अवघड नाही, वीज कुठून किती घेतली याचा हिशेब तिच्याकडे असतोच. तीनशे युनिटच्या घराच्या बिलावर ही ओळ दीडशे किलोच्या आसपासचा आकडा दाखवेल.

आणि गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतेच. पार्किंग आणि गळती या विषयांच्या जोडीला यंदा वरच्या टाकीचा पंप घ्यावा. पाच अश्वशक्तीचा पंप रोज दोन तास चालला तर सात-आठ युनिट होतात आणि बऱ्याच ठिकाणी तो रखवालदाराच्या सोयीने संध्याकाळी सात वाजता चालू होतो, ऐन भाराच्या वेळी. ज्या इमारतींत खालच्या टाकीत पाणी दुपारपर्यंत येऊन पडलेले असते, तिथे तो बारा वाजता लावता येतो. सामाईक मीटरवर सौर पॅनेल बसवलेले असतील तर तो थेट उन्हावरच चालेल. वायरमनकडून टायमर बसवून घ्यायचा, वेळ ठरवायची आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहायचा.